सहा जुलैची संध्याकाळ

भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. परवा रात्री जेवणं आटोपल्यावर तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मावशी, जरा विचार ना मला." पान होतं २००५ सालचं. वर 'प्रमुख जागतिक घडामोडी' असा मथळा, डावीकडे तारखा, उजवीकडे एकेका ओळीत घटना. मी तारीख सांगायची, तिने घटना सांगायची. १६ फेब्रुवारी, क्योटो करार अमलात. २ एप्रिल, पोप जॉन पॉल दुसरे यांचं निधन. ती डोळे मिटून भराभर सांगत होती, बोटं मांडीवर ताल धरल्यासारखी हलत होती. ६ जुलै म्हटल्यावर म्हणाली, "२०१२चं ऑलिंपिक लंडनला जाहीर." ७ जुलै म्हटल्यावर, "लंडन बॉम्बस्फोट, ५२ ठार." मग डोळे उघडून हसली. "हे दोन मला कधीच चुकत नाहीत बघ. लागोपाठ आहेत ना, पाठ करायला सोपे."

मी पुढची तारीख विचारली. पान संपलं, ती झोपायला गेली. 'सोपे' हा शब्द मात्र माझ्यापाशी राहिला आणि दोन दिवस झाले तरी जात नाही. तिचं काही चुकलं होतं असं नाही. २००५ साली ती दीड वर्षांची होती, भिंतीला धरून चालायची. तिच्या दृष्टीने सहा आणि सात जुलै म्हणजे एकाखाली एक छापलेल्या दोन ओळी. माझ्या लेखी त्या दोन ओळींच्या मधे एक अख्खी संध्याकाळ आहे आणि एक रात्र आहे. त्या रात्री मी कामावर होते.

एका दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होते आणि परदेशचं पान माझ्याकडे होतं. दुपारी चारला जायचं, रात्री साडेअकराला पान सोडायचं. वृत्तसंस्थांची कॉपी संगणकावर एकामागून एक उतरत राहायची. त्यातली कोणती घ्यायची, कोणती किती कापायची, कुणाला तीन कॉलम आणि कुणाला एक, हे ठरवायचं आणि मराठी करायचं. सहा जुलैला सिंगापूरमध्ये मतदान होतं. पारडं पॅरिसचं जड मानलं जात होतं. मॉस्को, न्यूयॉर्क, माद्रिद एकेक करून बाद झाली आणि शेवटी दोन शहरं उरली. आपल्याकडे पाच वाजून गेले होते. डेस्कवरचा टीव्ही एरवी आवाज बंद करून चालू असायचा, तो कुणीतरी मोठा केला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष जाक रॉग यांनी पाकीट उघडलं आणि लंडनचं नाव घेतलं. ५४ विरुद्ध ५० मतं, म्हणजे दोघांनी मत फिरवलं असतं तर बरोबरी झाली असती. ट्रफल्गार चौकातली गर्दी एका क्षणात उसळली, पॅरिसच्या नगरभवनासमोरची तशीच एका क्षणात गप्प झाली. मी चौकाचा फोटो चार कॉलम लावला. कागदाचे कपटे हवेत तरंगताहेत, माणसं अनोळखी माणसांना मिठ्या मारताहेत. मथळा दिला, 'लंडन जल्लोषात'. फोटो छान आला होता, पान वेळेत सुटलं होतं, मी खुशीत घरी गेले. त्या वर्षी असे दिवस कमी आले, म्हणून ही संध्याकाळ इतकी नीट आठवते.

दुसऱ्या दिवशी पुरवणीचं काम शिल्लक होतं म्हणून मी लवकर गेले. दीड वाजला असेल. टेबलावर आमचाच सकाळचा अंक पसरून ठेवला होता आणि त्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता, नेमका माझ्या ट्रफल्गार चौकावर. तेवढ्यात पहिली ओळ आली. लंडनच्या भुयारी रेल्वेत वीजपुरवठ्याचा काहीतरी बिघाड, प्रवासी बोगद्यांत अडकले. पहिली माहिती खरोखरच तशी आली होती. मी ती कागदावर उतरवून घेतली, सिंगल कॉलमला बरी, असा विचार केला. तिथले पावणेनऊ वाजून गेले होते, म्हणजे लोकांची कामावर जायची वेळ. तीन गाड्यांत एका मिनिटाच्या आत तीन स्फोट झाले होते आणि जग अजून फ्यूज शोधत होतं. आपले सव्वादोन झाले आणि टॅव्हिस्टॉक चौकात दुमजली बस फुटली. तिचं छप्पर सोलून निघाल्यासारखं मागे पडलं होतं. ते चित्र पडद्यावर आल्यानंतर विजेचा बिघाड हा शब्द कुणी काढला नाही.

टॅव्हिस्टॉक चौकाचा मला पुढे कितीतरी दिवस ध्यास लागला. ती ३० क्रमांकाची बस त्या रस्त्याने एरवी जातच नव्हती. भुयारी रेल्वे बंद पडली, रस्ते तुंबले, म्हणून तिला वळवलं होतं. ती फुटली ती ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या दारात. इमारतीत त्या सकाळी वेगवेगळ्या कामांसाठी आलेले डॉक्टर होते. ते धावत बाहेर आले आणि जखमींना इमारतीच्या चौकात नेऊन हाताशी होतं नव्हतं त्यावर उपचार करू लागले. बसमधली तेरा माणसं गेली. आणखी किती गेली असती, त्याची मोजदाद कोण करणार. रस्त्याच्या पलीकडे छोटी बाग आहे. बागेच्या मध्यभागी मांडी घालून बसलेले गांधीजी आहेत, १९६८ सालापासून. हिरोशिमाच्या बळींच्या स्मरणार्थ लावलेलं चेरीचं झाडही तिथेच आहे. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, नंतर कळलं. कळल्यावर मी पुतळ्याचा फोटो शोधून काढला आणि बराच वेळ बघत बसले. मान किंचित खाली, खांद्यावर पंचा. समोर बस फुटली तेव्हाही ते असेच बसलेले होते, एवढंच मनात येत राहिलं.

त्या संध्याकाळी नवं पान लावताना तो चहाचं वर्तुळ उमटलेला अंक मी घडी घालून खणात ठेवला.

आता भाचीच्या पुस्तकात ते दोन दिवस बघितले की सहा जुलै ही सात जुलैची प्रस्तावना असल्यासारखी वाटते. सुख, मग लगेच दुःख. परीक्षेला लागतो तसा विरोधाभास. पण सहा जुलै त्या दिवशी कशाचाही आदला दिवस नव्हता. ती नुसती सहा जुलै होती. चौकात नाचणाऱ्या पोरांपैकी काहींनी दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भुयारी रेल्वे पकडली असेल, रात्रीच्या जागरणाने डोळे चोळत. पंतप्रधान टोनी ब्लेअर स्कॉटलंडमध्ये ग्लेनईगल्सला श्रीमंत देशांच्या बैठकीत होते आणि विषय होता आफ्रिकेचं कर्ज आणि हवामान. आधीच्या काही दिवसांत आफ्रिकेसाठी जगभर गाण्यांच्या मैफिली झाल्या होत्या, लाखो माणसं रस्त्यावर आली होती. ब्लेअर बैठक सोडून लंडनला आले. कर्जमाफीची आणि वाढीव मदतीची घोषणा पुढच्याच दिवशी झाली. ती बातमी माझ्या पानावर होती, खाली, डाव्या कोपऱ्यात. कर्जाच्या खाली दबलेल्या देशांसाठी तो कोपरा किती मोठा होता, याचा विचार करायला त्या रात्री कुणालाच सवड नव्हती, मलाही नाही.

मागे वळून बघितलं तर ते वर्षच मुळात १ जानेवारीला सुरू झालं नव्हतं. त्याच्या आधीच्या रविवारी, २६ डिसेंबरला, सुमात्राजवळ समुद्राचा तळ फाटला होता आणि जानेवारीभर आम्ही आकडा दुरुस्त करत होतो. पन्नास हजार, लाख, दीड लाख, दोन लाखांच्या वर. रोज रात्री तोच मथळा उघडायचा आणि त्यातला अंक पुसून नवा टाकायचा. हाताला त्याची सवय झाली, ही गोष्ट आज लिहितानाही घशाशी येते. त्याच दिवसांत एक वेगळी बातमी वाट चालत होती. कॅसिनी यानापासून ह्युजेन्स नावाचं छोटं यान २५ डिसेंबरला सुटं झालं होतं, लाट येण्याच्या आदल्या दिवशी, आणि वीस दिवस इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय शनीच्या टायटन नावाच्या चंद्राकडे जात राहिलं. इथे किनाऱ्यावर माणसं चिखलात नातलग शोधत होती आणि तिकडे ते तसंच जात होतं. १४ जानेवारीला ते पॅराशूटला लटकत अडीच तास खाली उतरलं आणि टेकलं. माणसाच्या हातची वस्तू इतक्या लांबच्या जमिनीवर तोवर कधी उतरली नव्हती. फोटोत नारिंगी उजेड आणि गोलसर गोटे. नदीकाठी असतात तसेच, पण बर्फाचे. यानावरचे निम्मे फोटो कधी पोचलेच नाहीत, कारण दोनपैकी एक वाहिनी सुरू करण्याची आज्ञा द्यायची राहून गेली होती. सात वर्षांचा प्रवास आणि एक विसरलेली ओळ. ती बातमी मी दोन वेळा वाचली होती. त्या रात्री पानावर गोटे लावताना पहिल्यांदाच आकड्याकडे हात गेला नाही, आणि त्याबद्दल मला बरं वाटलं, अपराधीही वाटलं.

त्सुनामीच्या बातमीचं शेपूट मात्र उन्हाळ्यापर्यंत, पावसाळ्यापर्यंत हलत राहिलं, आणि त्यातली जी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते ती भाचीच्या पुस्तकात नाही. इंडोनेशियाच्या आचे प्रांतात जवळपास तीस वर्षं बंड चालू होतं. लाटेने बंडखोरांची गावं नेली, सैनिकांच्या छावण्याही नेल्या. १५ ऑगस्टला हेलसिंकीत दोन्ही बाजूंनी करारावर सह्या केल्या, फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी आह्टिसारी मध्यस्थ होते. डिसेंबर संपायच्या आत बंडखोरांनी शस्त्रं खाली ठेवली. तो करार टिकला. आणि बरोबर तीन दिवस आधी, १२ ऑगस्टला, त्याच लाटेने उद्ध्वस्त केलेल्या श्रीलंकेत परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर यांची त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. तिथे पुढची चार वर्षं युद्धच वाढून ठेवलेलं होतं. एकाच समुद्राने दोन्हीकडे सारखंच नेलं. एकीकडे माणसांनी एकमेकांकडे बघितलं, दुसरीकडे मदतीचे पैसे कुणी वाटायचे यावरून भांडण झालं. कारणं वेगळी असणारच, मी काही अभ्यासक नाही. पण आपत्ती माणसांना जवळ आणते हे वाक्य कुणी सहज म्हटलं की मला तो ऑगस्टचा आठवडा आठवतो आणि मी मान डोलवत नाही.

त्याच ऑगस्टच्या थोडं आधी, २८ जुलैला, आयरिश रिपब्लिकन आर्मीने सशस्त्र लढा थांबवल्याचं जाहीर केलं. लंडनच्या स्फोटांना तीन आठवडे झाले होते. ज्या शहराने कितीतरी वर्षं आयरिश बॉम्ब सोसले, त्याच्यापुरता तो एक धोका संपत होता. थांबलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही. ती बातमी मी दोन कॉलम केली.

कधीकधी वाटतं, आम्ही पानावर जे मोठं करायचो ते मोठं होतंच, पण वाऱ्यासारखं काहीतरी आमच्या हातून कायम निसटायचं. पोप जॉन पॉल दुसरे यांचे अंत्यसंस्कार ८ एप्रिलला झाले. सेंट पीटर्स चौकात राजे, राष्ट्राध्यक्ष, लाखो भाविक. मध्ये जमिनीवर साधी लाकडी शवपेटी आणि तिच्यावर उघडं ठेवलेलं बायबलचं पुस्तक. वारा सुटला होता. पानं आपोआप उलटत होती, एक, मग पाचसहा एकदम, आणि शेवटी वाऱ्यानेच पुस्तक मिटलं. मी टीव्हीसमोर उभी होते, हातात पेन. कॉपीत पाहुण्यांची यादी होती, सुरक्षेचा तपशील होता, वारा नव्हता. मी माझ्या पदरचं एक वाक्य घातलं वाऱ्याचं. वरिष्ठांनी ते ठेवलं, त्याचं मला आजही समाधान आहे. आणि त्याच महिन्यात, २३ एप्रिलला, इंटरनेटवर एक चित्रफीत चढली. सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभं राहून एक तरुण कॅमेऱ्यात काहीतरी बोलतो. हत्तींची सोंड लांब असते, एवढंच. एकोणीस सेकंद. यूट्यूबवर चढलेला तो पहिला व्हिडिओ. जगातल्या कुठल्याच वृत्तसंस्थेने त्याची ओळ पाठवली नाही, आणि आमचं सगळं काम, बातमी कुणी सांगायची आणि कुणी ऐकायची ही सगळी मांडणीच, त्या एकोणीस सेकंदांच्या मागून बदलत गेली. त्या दिवशी मी काय केलं होतं ते मला आठवत नाही. आठवण्यासारखं काही घडलं नव्हतं ना.

२६ जुलैबद्दल मराठी वाचकाला मी काय सांगणार. ते परदेशचं पान नव्हतं, पण त्या आठवड्यात सगळी पानं सगळ्यांची झाली होती. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम सत्तरच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी छापताना प्रूफ वाचणाऱ्याने मला दोनदा विचारलं होतं, अहो, एक शून्य राहिलंय का? महिनाभरात, २९ ऑगस्टला, कतरिना वादळ लुइझियानाच्या किनाऱ्यावर आलं आणि न्यू ऑर्लीन्सचे बांध आणि पूरभिंती फुटल्या. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली. ते शहर बशीसारखं, बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. पाणी उपसून बाहेर टाकायचं तर पंपच हवेत आणि पंपच बुडालेले. पाणी आठवडे हटलं नाही. भिंतींपैकी काही तर पाणी वरून ओसंडण्याच्या आधीच पायातून सरकल्या होत्या, त्यांच्या आखणीतच दोष होता, हे पुढे सरकारी अभियंत्यांनी कबूल केलं. जगातला सर्वांत धनाढ्य देश आणि छपरांवर बसलेली, बहुतेक काळी, बहुतेक गरीब माणसं चादरीवर अक्षरं रंगवून हेलिकॉप्टरला दाखवताहेत.

त्या दिवसांतला एक फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. एका घराचा दरवाजा, त्यावर स्प्रेने मारलेली मोठी फुली. शोधपथकं प्रत्येक घर तपासून अशी फुली मारत होती आणि तिच्या चार कोनांत चार गोष्टी लिहीत होती. वर तारीख, डावीकडे पथकाची खूण, उजवीकडे आत काय धोका आहे ते, आणि खाली, आत सापडलेली माणसं. जिवंत किती, मेलेली किती. त्या घराच्या खालच्या कोनात एक आकडा होता. फक्त एक आकडा. घराच्या पायरीवर कुंडी होती, तिच्यातलं झाड चिखलाने राखाडी झालं होतं, पण उभं होतं. तो फोटो मी वापरला नाही. आमच्याकडे हेलिकॉप्टरचा जास्त चांगला होता.

त्या वर्षी अटलांटिकमध्ये वादळं इतकी झाली की ठेवलेली एकवीसच्या एकवीस नावं ऑक्टोबरात विल्मापाशी संपली. मग ग्रीक अक्षरं लावायला सुरुवात केली. अल्फा, बीटा, गॅमा. डेस्कवर आम्ही ते कौतुकाने वाचायचो. डिसेंबर आला आणि माझ्याकडे दरवर्षीचं काम आलं, सरत्या वर्षाचा आढावा. अख्खं पान. डावीकडे तारीख, उजवीकडे एक ओळ. हो, तशीच यादी, जशी भाचीच्या पुस्तकात आहे. कुणी सांगावं, ते पुस्तक लिहिणाऱ्याने वर्षानुवर्षांच्या अशाच पानांची कात्रणं पुढ्यात घेऊन ती ओळ लिहिली असेल. सहा जुलै आणि सात जुलै एकाखाली एक मीच लावले होते, आणि लावताना मलाही ते सोईचं वाटलं होतं. जागा कमी पडली तेव्हा आचे काढलं. ह्युजेन्स ठेवलं, कारण फोटो रंगीत होता. पान ३० तारखेला सोडलं, आणि त्याच दिवशी अटलांटिकमध्ये आणखी एक वादळ उठलं. झीटा. हंगाम संपून महिना झाला होता. ते नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत समुद्रात भटकत राहिलं. वर्षाने दार लावून घेतलं तरी ते उंबऱ्यावर उभंच. आणि शेवटच्या दिवशी जगाच्या घड्याळांत एक सेकंद वाढवण्यात आला. पृथ्वीची गिरकी थोडी मंदावते, तिच्याशी जुळवून घ्यायला अधूनमधून असा सेकंद घालावा लागतो. सात वर्षांनी पहिल्यांदा घातला होता. आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट होती, साडेपाच वाजायच्या बेतात. म्हणजे २००५ हे वर्ष जगाला एक सेकंद जास्त पुरलं. मी त्या वेळी झोपले होते.

ऑक्टोबर मी मागे ठेवला होता. मुद्दामच, हे लिहिताना लक्षात आलं.

८ ऑक्टोबरला सकाळी काश्मीरमध्ये भूकंप झाला, तीव्रता ७.६. केंद्र मुझफ्फराबादजवळ. बालाकोट हे गाव जवळजवळ राहिलंच नाही. आपल्या बाजूला उरी, तंगधार. दोन्हीकडे मिळून सत्तर हजारांहून जास्त माणसं गेली. एप्रिलमध्येच श्रीनगर-मुझफ्फराबाद बस सुरू झाली होती, आणि नियंत्रण रेषेवरून जाण्यासाठी डागडुजी केलेला अमन सेतू त्या धक्क्याने मोडला. पहिले चार दिवस बातमी लीड होती. नंतर दोन कॉलम. नंतर आत. रस्ते दरडींखाली गेलेले, वरची गावं तुटलेली, थंडी तोंडावर. ऑक्टोबरच्या अखेरीस एके रात्री वृत्तसंस्थेची एक कॉपी आली, चांगली लांब, चोवीस ओळींची. बातमीदार पायी वरच्या गावात गेला होता, हे वाचल्या वाचल्या कळत होतं. मी ती उघडली आणि मला आठवतं, मी मोठ्याने म्हटलं, "अजून तेच?" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "काप." वर्षभर आम्ही मेलेली माणसं मोजत होतो. जानेवारीत मोजली, जुलैत मोजली, सप्टेंबरात मोजली. मला झोप हवी होती. जाहिरात वाढली होती, पान आटलं होतं. चोवीस ओळींच्या मी चार केल्या. मृतांचा एकूण आकडा ठेवला, आणि पैसे कमी पडल्याने मदतीची हेलिकॉप्टरं थांबवावी लागतील, हा संयुक्त राष्ट्रांचा इशारा ठेवला. बाकीच्या वीस ओळी गेल्या. पान साडेअकराला सुटलं. कुणी काही म्हटलं नाही, दुसऱ्या दिवशी एकाही वाचकाचं पत्र आलं नाही. मीही ती गोष्ट पुन्हा कधी उच्चारली नव्हती.

काल रात्री भाचीने पुन्हा पुस्तक आणलं. या वेळी मी तारखा विचारल्या नाहीत. तिला सहा जुलैची संध्याकाळ सांगितली, चहाचं वर्तुळ, विजेचा बिघाड, टॅव्हिस्टॉक चौकातले डॉक्टर. ती पेन्सिलीने दोन ओळींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत बारीक अक्षरांत काहीतरी लिहीत होती. काय लिहितेस, असं मी विचारलं नाही. मग तिचं बोट खाली सरकत आलं आणि ऑक्टोबरपाशी थांबलं. "आणि हा? या दिवशी तू काय केलंस?" या दिवशी काही विशेष नाही, म्हटलं, पण नंतर एकदा केलं. आणि मी तिला त्या रात्रीचं सांगितलं. चोवीस ओळी, चार ओळी, सहकारी, झोप. वाटलं होतं ती म्हणेल, असू दे गं, तुझं कामच होतं ते. ती तसं काही म्हणाली नाही. थोडा वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिली.

"मग त्या वीस ओळींत काय होतं?"

मला आठवत होतं. वीसच्या वीस आठवत होत्या.

"शाळा," मी म्हटलं. "शनिवार होता. सकाळची शाळा भरलेली होती."